पिन कोणी काढली, इंदू?

रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी कॉलवर रेवाने विचारलं, "आजी, ती ओल्ड अ‍ॅक्ट्रेस गेली ना, मधुवंती, ती खरंच तुझी फ्रेंड होती?" मी हो म्हटलं आणि तुमच्या परीक्षांकडे वळले. मग ईशानने तिच्यावरचा एक इंग्रजी लेख पाठवला. तो मी दोनदा वाचला. भाषा उत्तम आहे, मजकूर चुकीचा आहे. 'मागलं दार' या चित्रपटातल्या ज्या दोन सेकंदांसाठी लोक तिला अजून ओळखतात, त्यांचं सगळं श्रेय लेखकाने दिग्दर्शकाला देऊन टाकलं आहे. ते दोन सेकंद चित्रित झाले तेव्हा मी तिथे कामावर होते.

तिला जाऊन आज तेरा दिवस झाले. काल ठाण्यात तिची शोकसभा झाली, तिथे मी बोलले. कोणीतरी ते फोनवर घेतलं आहे, त्यामुळे अर्धंमुर्धं तुमच्यापर्यंत पोचेलच. त्याआधी पूर्ण हकिकत तुमच्या हातात असावी म्हणून आजच लिहिते. मात्र तुम्हाला सांगायला बसले की माझा वर्ग सुरू होतो. म्हणून जे सांगायचं ते तिलाच सांगते. तुम्ही शेजारी बसून ऐका. मधुवंती हे पडद्यावरचं नाव. घरी ती इंदू.

*

इंदू,

वेळ पाळणं तुला जन्मात जमलं नाही, आणि या वेळी गुरुवारपर्यंतसुद्धा थांबली नाहीस. गुरुवार आपला ठरलेला होता. माणकोलीचा पूल झाल्यापासून डोंबिवलीहून तुझ्या बाळकुमच्या घरी पोचायला मला फार वेळ लागत नसे. तू दारातच ओरडायचीस, "आली गो मास्तरीण! घड्याळं लावून घ्या रं सगळ्यांनी." बाविसाव्या मजल्यावरच्या तुझ्या खिडकीतून खाडी दिसायची. "आजा असता तर म्हटला असता, एवढ्या वर जाऊन बसलीस, आता मासे कशे दिसतील?" असं म्हणून तूच पोट धरून हसायचीस. तो विनोद मी निदान चाळीस वेळा ऐकला असेन. त्या गुरुवारी एक्केचाळिसाव्यांदा ऐकायची माझी तयारी होती.

शाळेत आपण शेजारी बसलो त्याचं श्रेय लोक उगाच मला देतात. ठाण्याच्या कोळीवाड्यातून तू यायचीस, डब्यात जवळा असायचा, मुली सरकून बसायच्या, हे खरं. पण मी तुझ्याशेजारी मनाने बसले नाही. बाईंनी उंचीप्रमाणे बसवलं होतं आणि आपण दोघी एकाच उंचीच्या निघालो. पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल लावला. तू माझ्याकडे पाहिलंस आणि अगदी तसाच, त्याच बोटांनी, त्याच नखऱ्याने आपल्या नाकाला रुमाल लावलास. सगळा वर्ग हसला, मीही हसले. मला कोणीतरी नीट पाहिलं आहे असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पुढे तुझे चौदा चित्रपट मी पाहिले. त्या रुमालाहून चांगलं काम तू दोन-तीनदाच केलंस.

'मागलं दार' हा तुझा चौथा चित्रपट. माझं बी.ए. नुकतंच झालं होतं, नोकरी मिळाली नव्हती. दिग्दर्शकांना सगळे तात्या म्हणत. त्यांना तू सांगितलंस, "माझ्या मैत्रिणीला घ्या. वाण्याच्या यादीतले काना-मात्रापण सुधारते ती." तात्यांनी मला नोंदी ठेवायचं काम दिलं. एक शॉट आज घ्यायचा आणि त्याच्या पुढचा चार दिवसांनी. मधल्या काळात पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जाता कामा नये. कोणत्या हातात किती बांगड्या, बट कानामागे की कानापुढे, तांब्या भरलेला की रिकामा, हे सगळं वहीत लिहायचं आणि पुढच्या शॉटआधी ताडून पाहायचं.

ते काम मला फार आवडलं, इंदू. नंतर चौतीस वर्षं मी शिकवलं आणि चांगलं शिकवलं, पण त्या चार महिन्यांइतकं कशातच मन लागलं नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुला तर नाहीच.

टिटवाळ्याजवळ एक कौलारू घर भाड्याने घेतलं होतं. चित्रपटात तू त्या घरातली तरुण विधवा. पुढे ओटीवर जावेचं डोहाळजेवण चाललं आहे, बायका गात आहेत, आणि तुला तिथे यायची मनाई आहे. तू मागल्या दाराशी उभी राहून ऐकतेस. संवाद एकही नाही. नुसतं उभं राहायचं, शेवटी पदर सारखा करायचा आणि आत वळायचं.

आणि नेमकं त्याच सकाळी तू गळ्यातलं काढायला नकार दिलास. तुझ्या नवऱ्याची, हरेश्वरची होडी चार दिवस समुद्रात होती, दोन दिवसांपासून वारा बिघडला होता. वसईकडे तुझ्या सासरी रीत होती की नवरा पाण्यावर असेपर्यंत बायकोने मंगळसूत्र अंगावरून उतरवायचं नाही.

"इंदूबाई, विधवेच्या गळ्यात मंगळसूत्र पाहिलं तर लोक खुर्च्या फेकतील," तात्या म्हणाले.

"फेकू द्या."

"अहो, दोन तासांचा तर प्रश्न आहे!"

"माणसाला बुडायला दोन तास कशाला लागतात, तात्या?"

रंगभूषा करणाऱ्या बाई हातातला पफ तसाच धरून उभ्या राहिल्या. मग मी म्हटलं, उतरवायला नको, लपवू या. तुझ्या ब्लाउजचा गळा उंच होता. मी मंगळसूत्राचे दोन्ही पदर आत ओढून घेतले आणि दोन्ही खांद्यांशी आतून एकेक सेफ्टी पिन लावली. ओढून पाहिली. वहीत लिहिलं, 'मंगळसूत्र आत, दिसत नाही.'

कॅमेरा परसात होता. ओटीवरच्या बायकांना गाण्याची खूण करायला मी घरात, तुझ्या पाठीमागे उभी होते. फिल्म मोजून मिळायची, म्हणून एकच टेक झाला. तात्या खूश झाले. तू आत आलीस तेव्हा डाव्या खांद्याची पिन जागेवर नव्हती. ती उंबऱ्यापाशी पडलेली मला सापडली.

"दिसलं का गं काही बाहेर?" मी विचारलं.

"नाय दिसलं," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला की होडी किनाऱ्याला लागली. तू सगळ्या युनिटला पेढे वाटलेस, आणि पेढ्यांच्या आनंदात मी पिन विसरले.

आठ दिवसांनी मुंबईत फिल्म धुऊन आली आणि आपण सगळे ती पाहायला बसलो. पडद्यावर तू पदर सारखा केलास आणि मानेपाशी काळे मणी दिसले. दोन सेकंद. मग तू आत वळलीस. परत चित्रित करायला टिटवाळ्याचं घर उरलं नव्हतं, मालकाने परसात लग्नाचा मांडव घातला होता. दिवे लागल्यावर तात्या माझ्याकडे वळले. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, तुम्ही आपली शिकवणीच करा." मी तुझ्याकडे पाहिलं. तू चपलेचा पट्टा लावत होतीस. तो आधीच लावलेला होता.

पुढे काय झालं ते ईशानच्या लेखात आहे. लोकांनी खुर्च्या फेकल्या नाहीत. बायका रडल्या. समाजाने जे काढून घेतलं ते या बाईने आत जपून ठेवलं आहे, आणि दिग्दर्शकाने ते एका शब्दाविना सांगितलं, असं समीक्षकांनी लिहिलं. तात्या सुरुवातीला गप्प राहिले. मग एका मुलाखतीत म्हणाले की ती कल्पना त्यांना पहाटे सुचली. तूही काही बोलली नाहीस. मी डोंबिवलीच्या शाळेत नोकरी धरली, लग्न केलं, आणि सहा वर्षं तुझ्याशी बोलले नाही.

सातव्या वर्षी आमच्या मुख्याध्यापकांनी मला न विचारता तुला स्नेहसंमेलनाला बोलावलं. तू शिक्षकांच्या खोलीत शिरलीस आणि विचारलंस, "हितं सगळ्यात जास्त कोण ओरडतं वर्गात?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मग मी तिच्याच बाजूला बसणार," म्हणून बसलीसही, आणि माझ्या ताटलीतला अर्धा बटाटेवडा उचललास. शाळेसमोर माझं हसं नको म्हणून मी बोलायला लागले. माफी मीच मागितली. म्हटलं, "माझी पिन निसटली गं. तुझा शॉट गेला असता." तू वडा चावत राहिलीस. फार वेळ चावलास तो वडा.

हरेश्वर गेला त्या दिवशी मला कळायला हवं होतं. घर बायकांनी भरलेलं होतं. तुझी चुलतसासू पुढे आली, कुंकू पुसायला आणि गळ्यातलं उतरवायला. तू तिचा हात धरलास, ढकलला नाहीस, नुसता धरलास.

"काकी, ह्ये काम मी एकदा केलंय," तू म्हणालीस. "आता रिटेक नाय."

म्हातारीला काय समजलं कोणास ठाऊक, पण ती मागे झाली. त्या बायकांत मी होते. मी तुझ्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि कोणी पुढे येऊ लागलं की त्यांना माझी वर्गातली नजर दाखवली. त्या दिवशी तुझा मला इतका अभिमान वाटला की विचार करायचं राहूनच गेलं. एकदा केलंय म्हणजे नक्की काय केलंय, हे मी विचारायला हवं होतं.

ते तू शेवटच्या गुरुवारी सांगितलंस. विषय मीच काढला होता. 'मागलं दार'ची साफ केलेली प्रत ठाण्यात दाखवणार होते आणि तुला बोलायला बोलावलं होतं. मी म्हटलं, "आता तरी खरं सांग. तात्या गेले, कोणाला दुखवायचं उरलं नाही. ती चूक होती आणि माझी होती, असं सांगून टाक. मी पहिल्या रांगेत बसेन."

"तुझी चूक नव्हती ती."

"पिन माझी होती."

"पिन तुझी, पण काढली मी."

मी हसले. म्हटलं, "म्हातारपणी मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू नकोस."

"मालू, डोकं चालव जरा. सुटली असती तर टोचली असती. टोचली असती तर मी बोंबलली असती. कॅमेरा गेला खड्ड्यात."

"तू नटी होतीस. नसतीस बोंबललीस."

"नटीला काय कातडी नसते?"

मग तू गंभीर झालीस. म्हणालीस, तात्यांनी त्या बाईला नुसतं रडायला ठेवलं होतं. उभं राहायचं, ऐकायचं, आत जायचं. "म्हटलं, हिच्याकडं हिचं असं कायतरी असू दे. माझा माणूस पाण्यावर होता, मना तिची दया आली. पदराखाली हात घातला आन् ओढली."

"आणि मी विचारलं तेव्हा? 'नाय दिसलं' म्हणालीस ते?"

तू खिडकीकडे पाहिलंस.

"तात्याने मला काढली असती, मालू. चौथंच पिक्चर होतं. तुझ्याकडं तुझी डिग्री होती. माझ्याकडं काय होतं? परत टोपली डोक्यावर घ्यायची होती का?"

"मला ते काम आवडत होतं," मी म्हटलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा म्हटलं.

"ठाव हाय मना. म्हणून तर बोलली नाय. कुठल्या तोंडानं बोलणार?"

मी पर्स उचलली. तू म्हणालीस, "बस गो, चहा टाकलाय." मी म्हटलं, मला विश्वास नाही, पिन निसटलीच होती, आणि निघाले. लिफ्टचं दार बंद होताना तुझा आवाज आला, "गुरुवारी ये, तेव्हा भांडू." रविवारी तू गेलीस.

या तेरा दिवसांत मला एक गोष्ट स्पष्ट झाली. पिन काढायचं तुला सुचलं असेल का, ही शंका मला कधीच नव्हती. शाळेतल्या पहिल्या दिवसापासून तुला काय सुचतं ते मी पाहत आले होते. पिन निसटली असं मी धरून बसले, कारण मग तू माझं काही वाईट केलेलं नव्हतंस. माझी चूक मी सांभाळू शकत होते. तुझी सांभाळायची माझी तयारी नव्हती. इतकी वर्षं मी गुन्हा आपल्याकडे ठेवला आणि तुला वाटलं मी भोळी आहे. मी भोळी नव्हते. मला मैत्रीण हवी होती.

काल सभेत एक प्राध्यापक तात्यांच्या दृष्टीबद्दल पंचवीस मिनिटं बोलले. मण्यांचं प्रतीक, दाराचं प्रतीक, सगळं झालं. मग माझं नाव पुकारलं. बालमैत्रीण, दोन शब्द. मी उभी राहिले. हातात कागद नव्हता, हे तुला खरं वाटणार नाही.

मी म्हटलं, "ते मणी दिसावेत हा तात्यांचा विचार नव्हता. तात्यांनी ते काढायला सांगितले होते. मी ते दोन पिनांनी लपवले. त्यातली एक इंदूने शॉट चालू असताना काढली, कारण त्या विधवेला नुसतं रडवणं तिला पटलं नाही. तो अभिनय होता आणि तो पूर्णपणे तिचा होता. त्याचा दोष माझ्यावर आला, माझं काम गेलं, आणि ती गप्प बसली. हे दोन्ही तिनेच केलं. मी दोन्ही सांगते आहे, कारण एकच सांगितलं तर ती अर्धीच उरेल. मला राग आला होता. राग खरा होता, पण पुरा जन्म टिकेल एवढा मोठा नव्हता."

प्राध्यापकांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "पण बाई, याला पुरावा?" मी म्हटलं, "मी." आणि खाली बसले.

बाहेर तुझ्या नितीनची गाठ पडली. डोळे लाल होते. म्हणाला, "मालूमावशी, आज आईला मोठं केलंत की चोर ठरवलंत?"

"दोन्ही," मी म्हटलं. "ती दोन्ही होती."

तो हसला. अगदी तुझ्यासारखा, पोट धरून. लोक वळून पाहायला लागले. शोकसभेत हसतात म्हणून कोणीतरी नाकही मुरडलं. म्हणाला, "आई मला म्हटलेली, ती येईल आणि सगळ्यांसमोर माझी उलटतपासणी घेईल, तिला अडवू नकोस."

म्हणजे तुला माहीत होतं. बरं झालं. गुरुवारी मी येणारच होते, इंदू. आधी भांडले असते, हे नक्की. मग तू केलेला तो गोड मिट्ट चहा प्याले असते आणि सांगितलं असतं की तुझ्यामुळे माझं एक काम गेलं, पण तुझ्यामुळेच मला पाहायला येऊ लागलं. चौतीस वर्षं वर्गात कोणती मुलगी रुमालाआड रडते आहे आणि कोण हसू दाबते आहे, हे मला मागच्या बाकापर्यंत दिसायचं. ते कुठल्या डिग्रीने शिकवलं नाही. आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती, म्हणून हे राहिलं. आता मानते.

*

रेवा, ईशान, आता तुमच्यासाठी. तो लेख लिहिणाऱ्याला मी इंग्रजीत पत्र पाठवलं आहे. तो दुरुस्ती छापेल किंवा छापणार नाही, मी माझं काम केलं. तुम्हाला कोणी विचारलं तर तुम्ही असंच सांगा, दोन्ही बाजू सांगा आणि आवाज खाली न करता सांगा.

इंदूने चौदा चित्रपट केले. अकरांच्या फिल्म गोदामात पडून खराब झाल्या, त्या आता कोणालाही पाहता येणार नाहीत. तीन शिल्लक आहेत. तिन्हींमध्ये ती स्पष्ट दिसते आणि तिन्हींमध्ये आवाज तिचा स्वतःचा आहे.